गादीसम्राटांचे चिरंजीव

हसणार नाही असं कबूल करत असाल तरच सांगतो. बरं, हसा. पण मग चहा तुमच्याकडून. कारण मी गरीब आहे हे सिद्ध करायला गेलो आणि त्यात नापास झालो. परीक्षेत नापास होणारे पुष्कळ पाहिलेत, गरिबीत नापास होणारा पाहिलाय का कुणी? बघून घ्या.

मी तिसगावचा. पण सातवीपासून मामांकडे हैदराबादला शिकलो आणि पदवी घेऊनच परत आलो. आलो तो डोक्यात गावाचं कल्याण घेऊन! पाणी, शाळा, दवाखाना, सगळं मीच करणार होतो. त्यासाठी पुण्यातल्या एका संस्थेत ग्रामविकासाच्या एम.ए.ला अर्ज केला, नंबरही लागला. मग फीचा आकडा पाहिला आणि गावाचं कल्याण जरा लांबणीवर पडलं.

संस्थेत गरजू विद्यार्थ्यांना फीमाफी होती. ती मिळाली तर प्रवेश पक्का, नाही मिळाली तर जागा पुढच्या मुलाला. मधला रस्ता नाही.

आता आमचं घर सांगतो. माझे अब्बा गाद्या भरतात. छोट्या टेम्पोवर कापूस पिंजायचं मशीन बसवलंय, ते घेऊन गावोगाव फिरतात. जुनी गादी उसवायची, कापूस पिंजायचा, पुन्हा भरून शिवायची. घरी येतात तेव्हा भुवयांपर्यंत पांढरे झालेले असतात. फीमाफीला याहून लायक घर अख्ख्या पाथर्डी तालुक्यात मिळालं नसतं! अर्ज भरला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जोडला. आता फक्त संस्थेचे काळे सर घर बघायला येणार होते.

इथपर्यंत माणूस शहाणा वाटतो की नाही? थांबा जरा.

अब्बांना मी फीमाफीचं बोललोच नव्हतो. कुणापुढे हात पसरायचा नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा हट्ट. म्हणून "हुशार मुलांना तिथं फी नसतेच, अब्बा," असं ठोकून दिलं. आणि काळे सर? "ते सहज येतायत. घर बघायला."

ही झाली लहान चूक. मोठी चूक बारा फूट बाय आठ फूट होती.

आमच्याकडे पोराचा कुठं नंबर लागला की स्टँडवर फ्लेक्स लागतो. न लागला तर लोक घरी येऊन विचारतात, काय झालं, रद्द झालं का? माझा शाळकरी दोस्त संतोष याचं फ्लेक्सचंच दुकान. तो म्हणाला, "सम्या, फ्लेक्स माझ्याकडून. एक रुपया घेणार न्हाई."

मी आधी त्याला प्लास्टिकच्या दुष्परिणामांवर अर्धा तास ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. फ्लेक्स तयार होता. मी काळ्या गॉगलमध्ये. खाली ओळ: 'रशीदभाई गादीवाले यांचे चिरंजीव'.

झालं! माझं रक्त उसळलं.

"गादीवाले? अरे, हा माणूस स्वतःच्या भांडवलावर, स्वतःच्या यंत्रावर तीस वर्षं धंदा करतोय. कारखानदाराला उद्योजक म्हणता, आणि याला गादीवाला? का? तो घाम गाळतो म्हणून?"

"मग काय लिवू?"

"उद्योजक लिही!"

"नुसतं उद्योजक बरं दिसत न्हाई लेका. 'सुप्रसिद्ध' लावतो मागं."

"लाव! सुप्रसिद्धच आहेत ते."

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला. 'सुप्रसिद्ध उद्योजक, गादीसम्राट मा. रशीदभाई यांचे चिरंजीव'. शेजारी अब्बा, पांढऱ्या कुर्त्यात, आणि त्यांच्यामागे तीन पांढऱ्या मोटारी!

"संत्या, गाड्या कुणाच्या?"

"एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं डिझाईन हुतं. मानूस निघाला, गाड्या निघंनात."

अब्बा ते बघायला टेम्पो घेऊन गेले. बराच वेळ उभे होते म्हणे. रात्री जेवताना हळूच म्हणाले, "बेटा, कुनी इचारलं तर उद्योजक म्हनायचं?" मी ताटावरून उठून सांगितलं, "छाती काढून म्हणायचं! खाली मान घालून 'गाद्या पिंजतो' असं यापुढं कधी म्हणायचं नाही. शपथ आहे माझी!"

शपथ घातली, बरं का. स्वतःच्या तोंडानं.

काळे सर ठरल्या गाडीच्या आधीच्याच एसटीनं आले. उतरल्यावर त्यांनी रशीदभाईंचं घर विचारलं, तर चारचौघांनी बोट वर केलं. फ्लेक्सकडे! सरांनी मोबाईलमध्ये फोटो काढला. मग संतोष त्यांना मोटारसायकलवर बसवून, मोठा पाहुणा आणल्याच्या थाटात, आमच्या दारात सोडून गेला.

घरात काय? कुणाच्या तरी लेकीच्या लग्नाच्या बारा मखमली गाद्या शिवून तयार होत्या. अब्बांनी त्या सगळ्या एकावर एक रचून सरांना वर बसवलं. सर कमरेपर्यंत आत गेले. समोर अम्मीनं कोंबडीचं ताट ठेवलं. मुलगी बघायला येणाऱ्यांचीसुद्धा आमच्याकडे एवढी बडदास्त होत नाही! आणि अब्बांच्या मनात अगदी तेच होतं. सर घर बघायला आलेत, म्हणजे आपलं घर त्यांच्या पसंतीला उतरलं पाहिजे.

सरांनी वही काढली. "आपण काय करता?"

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. छाती काढली. "उद्योजक हाय."

"सर," मी घाईघाईनं म्हणालो, "तसं नाही ते, म्हणजे..."

"लाजतंय ते. ल्हानपनापासून तसंच हाय," अब्बा म्हणाले.

"हाताखाली किती माणसं?"

"मानसं न्हाईत साहेब. चाळीस गावं हायेत माझ्याकडं."

खरंच होतं हो! चाळीस गावं फिरतात ते. सरांनी लिहिलं: कार्यक्षेत्र चाळीस गावे.

"आणि कारखाना?"

"एका जागी न्हाई. आज हितं, उद्या तिसरीकडं." सरांनी लिहिलं: फिरते युनिट.

"त्या फ्लेक्सवरच्या गाड्या...?"

अब्बा हसले. "छ्या! त्या कुठल्या आपल्या, साहेब?" माझ्या जिवात जीव आला. लगेच अब्बा पुढं म्हणाले, "आपल्याला एक टेम्पो पुरं. जास्त दिखावा आवडत न्हाई."

सर कौतुकानं मान हलवत लिहीत होते. मी वाकून पाहिलं. लिहिलं होतं, 'राहणी साधी'.

मी काय करायला हवं होतं? तिथंच म्हणायचं होतं ना, 'सर, आम्हाला फी परवडत नाही'? पण अब्बांची ती काढलेली छाती... जन्मात पहिल्यांदा बघत होतो मी ती. सरांच्या ताटात आणखी रस्सा वाढला.

मग सरांना स्टँडवर सोडायला गेलो आणि धीर करून सांगितलं, "सर, माझे वडील गावोगाव फिरून गाद्या भरतात. तेवढंच."

"मग ते उद्योजक असं कुणी लिहिलं?"

"मी."

"म्हणजे खोटं लिहिलंत?"

आता एवढंच म्हणायचं होतं, हो सर, चुकलं. पण माझ्यातला ग्रामविकास उसळला ना! "खोटं कसं, सर? अक्षर न् अक्षर खरं आहे!" आणि गाडी येईपर्यंत मी त्यांना पटवून दिलं की माझे वडील कुठल्याही उद्योगपतीपेक्षा तसूभर कमी नाहीत. वाईट म्हणजे, त्यांना ते पटलं.

तरी भला माणूस. खिडकीतून म्हणाले, "चार ओळींचा खुलासा पाठवा. 'वडील उद्योजक नाहीत', बास. मी बघतो पुढचं."

घरी येऊन कागद घेतला. 'माझे वडील' लिहिलं. 'उद्योजक' लिहिलं. पुढचा 'नाहीत' काही केल्या हातातून उतरेना. समोर अब्बा अंगणात मशीनला तेल घालत होते. शेवटी चार ओळींऐवजी चार पानं झाली, कष्टाच्या प्रतिष्ठेवर. पाठवली. आठवड्यानं उत्तर आलं: आपला खुलासा समितीने आदरपूर्वक वाचला. कुटुंबाचा स्वतंत्र उद्योग असल्याचे त्यावरून निःसंशय सिद्ध होते. सबब अर्ज अपात्र.

संपलं. शनिवारपर्यंत फी भरायची, नाहीतर जागा गेली. कुठल्या तोंडानं सांगणार घरात? दोन दिवस मी गोधडीत तोंड खुपसून पडून होतो. अम्मीला वाटलं, ताप आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी अब्बांचा मोबाईल वाजला. हाताला कापूस, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. गोड आवाजात एक बाई बोलत होत्या. माझ्याच संस्थेतून! वाटलं, आता सगळं फुटणार! पण बाई देणगी विभागातल्या निघाल्या.

"रशीदभाई बोलताय ना? उद्योजकांच्या यादीत आपलं नाव नव्यानं आलंय. आमच्याकडच्या एखाद्या गरजू विद्यार्थ्याची फी उचलाल का?"

अब्बांनी हातातलं काम थांबवलं. "हप्त्यानं दिली तर चालंल?"

"हो, चालेल की!"

"मग लिवा माझं नाव. गरिबाचं पोरगं शिकंल. माझा मुलगाच ग्रामविकास शिकायला जातोय बघा. त्याच्याच वर्गातलं एखादं पोरगं असंल, तर लई बरं व्हईल."

मी गोधडी फेकून ताडकन उठून बसलो. बाई थोडा वेळ कागद चाळत होत्या.

"नाही हो. त्या वर्गातून एकच अर्ज आला होता. पण पाहणी केली, तर घर चांगलं खातंपितं निघालं."

अब्बांनी फोन ठेवला. कापूस झटकत माझ्याकडे वळले आणि मान हलवत म्हणाले, "बघ बेटा, कशी लोकं असत्यात! घरात समदं असून गरिबाच्या पोराचं हिसकायला निघत्यात. त्यांच्या आईबापानं काय शिकवलं असंल?"

"काहीतरी चांगलंच शिकवलं असेल, अब्बा," मी म्हणालो, "पोरगंच गाढव निघालं."