आमच्या बेसमेंटमधल्या रॅपर पोरी

लोकांच्या बेसमेंटमध्ये जुने खोके साठतात. कॅनडातल्या मिल्टनच्या आमच्या बेसमेंटमध्ये किस्से साठलेत, आणि आता ते जिन्यापर्यंत आलेत! कारण दोन पोरी: केनियाची वंजिरू आणि सेनेगलची आवा. दोघीही रॅपर. प्रॅक्टिस आमच्याकडे.

वंजिरू हॅमिल्टनला नर्स आहे. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मला कॉरिडॉरमध्ये चालवताना ही बाई तोंडातल्या तोंडात रॅप म्हणत होती. माझे पाय आपोआप तिच्या तालावर! शेवटी म्हटलं, "अगं, बीट स्लो कर, गुडघा नवीन आहे!" तिथून आमची गट्टी जमली.

*

माझ्या नवऱ्याचा, श्रीकांतचा, आधी या प्रॅक्टिसला कडक विरोध. "आवाज, आवाज!" पण आवाच्या देशात चहाच्या तीन फेऱ्या होतात. पहिला पेला कडू, दुसरा बरा, तिसरा गोड, आणि सगळं दोन तास सावकाश. तिसरा पेला झाल्याशिवाय आवा माईकला हात लावत नाही. हळूहळू श्रीकांतही त्या फेऱ्यांना येऊन बसू लागला.

परवा स्नोमुळे प्रॅक्टिस कॅन्सल झाली, तर श्रीकांत रिकामा पेला हातात घेऊन जिन्यात उभा. "आज आवाज नाही?"

*

नॉर्थ यॉर्कच्या एका कार्यक्रमात आयोजकांनी आवाला विचारलं, "तुम्ही आफ्रिकन ना? मग ढोल कुठे आहेत?"

आवा शांतपणे म्हणाली, "तुम्ही कॅनेडियन ना? मग हॉकी स्टिक कुठे आहे?"

*

एकदा दोघींनी मला गोलात ओढलं. "आंटी, तुझी टर्न!" मला काय येणार? घेतला उखाणा:

"ड्राइव्हवेवरचा स्नो शोव्हल केला भल्या सकाळी,
श्रीकांतराव विचारतात, चहा कधी, मंडळी?"

अर्थ सांगितला. आवाचे डोळे मोठे! "नवऱ्याचं नाव घेऊन सगळ्यांसमोर टोमणा? आणि हे तुमच्याकडे लग्नात ऑफिशियल आहे?"

*

आता वंजिरूच्या आईचं. गेल्या विंटरमध्ये त्या पहिल्यांदाच कॅनडात आल्या. गावच्या चर्चमध्ये गाणी बसवणारी करारी बाई. "गाणं देवाचं, बाकी सगळी बडबड," हे त्यांचं मत. वंजिरूनं आईवरच किकुयू भाषेत रॅप लिहिलं होतं. आईनं ते एकदा, फक्त एकदा ऐकावं म्हणून पोरगी वर्षभर झुरत होती.

हॅमिल्टनच्या शोला त्या आल्या खऱ्या, पण कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून, दाराजवळच्या खुर्चीत. कधीही उठून जातील अशा! मी त्यांच्या शेजारीच बसले होते.

वंजिरू सुरू झाली. हॉलमध्ये किकुयू कळणाऱ्या एकट्या त्याच. पूर आलेली नदी, पलीकडे शाळा, आणि लेकीला पाठीवर घेऊन पाण्यात उतरलेली आई. वंजिरूनं मला आधी सांगितलं होतं, म्हणून मला तेवढं ठाऊक.

आणि आई ताडकन उठल्या. "स्टॉप!"

बीट थांबला. वंजिरूनं माईक खाली घेतला.

"पाठीवर तुझा भाऊ होता!" आई सगळ्यांना कळावं म्हणून इंग्लिशमध्ये गरजल्या. "तू खांद्यावर होतीस. खांद्यावर!"

मग त्यांनी कोट काढला, खुर्ची उचलली आणि थेट स्टेजसमोर नेऊन ठेवली.

"हं. आता नीट म्हण. पहिल्यापासून!"