मागे कोण?

भट्टीवाल्यांच्या घरात उंबरा ओलांडण्याआधी एक प्रश्न विचारायची पद्धत होती. "मागे कोण?" त्यावर आतून कोणीतरी "मी आहे" म्हटल्याशिवाय पायात चप्पल जात नसे. सगळं त्या भट्टीपायी. पाव भाजायची, विटांनी बांधलेली जुनी भट्टी ती, एकदा थंड पडली की धड तापायला दोन दिवस घ्यायची, वर तडे जायची भीती. म्हणून तिच्यापाशी घरचं माणूस हवंच. भट्टीवाले बाहेर पडले की बायको मागे, बायको गेली की भट्टीवाले मागे. कोणाचं लग्न असो की मयत, या घरातल्या एकालाच आमंत्रण आहे असं वाटावं. नातेवाईक म्हणायचे, "हे नवरा-बायको आहेत की पाळीवरचे पहारेकरी?" आणि खरंच, लग्नानंतरच्या सदतीस वर्षांत दोघांचा मिळून एक फोटो नव्हता.

गेल्या महिन्यात मुलाने विजेची भट्टी आणली. बटण दाबलं की तापली, बटण दाबलं की गार. जुन्या भट्टीतून शेवटचा पाव निघाला त्या दिवशी भट्टीवाले जेवले नाहीत. बायको मात्र पोटभर जेवली, आणि हात धुऊन आल्यावर म्हणाली, "आता मला एकदा तुमच्याबरोबर कुठेतरी जायचंय. पोरासोरांबरोबर खूप फिरले. तुमच्याबरोबर जायचंय." मुलाने ते ऐकलं आणि थेट मोठ्या जहाजाचीच तिकिटं काढली. आठवडाभर समुद्र, वाटेत तीन बंदरं, प्रत्येक बंदरावर उतरून दिवसाची सहल. मुलगा, सून, चिमणी म्हणून सगळे हाक मारतात ती पाच वर्षांची नात, आणि हे दोघं. घराला बाहेरून कुलूप लागलं तेव्हा भट्टीवाल्यांनी ते चारदा ओढून पाहिलं.

जहाजावर माणसाला काही म्हणजे काही करू देत नाहीत. अंथरूण घालायला माणूस, ते आवरायला माणूस, पाणी विचारायला तिसराच. भट्टीवाल्यांचे हात शिवशिवायचे. सकाळी खाण्याच्या दालनात ते पाव बोटांनी दाबून पाहायचे, हुंगायचे आणि सून टेबलाखालून नवऱ्याला कोपर मारायची. मग उठून ते डेकवर चालायला लागायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, जिना उतरून खालचा डेक, पुन्हा वर. पोहायच्या तलावाकाठी लोक पालथे पडून भाजत असायचे आणि यांना वाटायचं, आता यांची बाजू कोणीतरी उलटायला हवी.

त्यात केबिनचं दार. ते आपलं आपण लागायचं. किल्ली नाही, कडी नाही, एक कार्ड टेकवायचं. असल्या दारावर भट्टीवाल्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यामुळे पहिल्या बंदरावर सगळे धबधबा पाहायला तयार झाले तेव्हा हे खुर्चीत बसूनच राहिले.

"बॅगा आहेत सगळ्या," ते म्हणाले. "तुम्ही जाऊन या. मी आहे मागे."

"बाबा, बॅगांत काय हिरे आहेत का?" मुलगा म्हणाला.

बायकोने टोपी घातली आणि गेली. दुसऱ्या बंदरावर पांढऱ्या वाळूचा किनारा होता, नारळीच्या झावळ्यांची सावली होती. त्या दिवशी भट्टीवाल्यांचं पोट बिघडलं. सगळे खाली उतरताच ते बरंही झालं, आणि मग हे दिवसभर पिंजऱ्यातल्यासारखे येरझाऱ्या घालत राहिले. रिकाम्या डेकवर चैन पडेना, केबिनमध्ये बसवेना. जावं असंही वाटत होतं. पण आपण सगळेच गेलो तर, या विचाराशी पाय अडखळायचे. त्या 'तर'च्या पुढे काय, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. जित्याची खोड, दुसरं काय.

संध्याकाळी चिमणीने त्यांना हाताला धरून फोटोंच्या भिंतीपाशी नेलं. प्रवासी बंदरावर उतरले की शिडीच्या पायथ्याशी जहाजाचा फोटोवाला फोटो काढायचा आणि नंतर ते या भिंतीवर लावायचा.

"आजोबा, ही मी!" चिमणी म्हणाली.

दोन्ही बंदरांचे फोटो होते. दोन्हींत एका बाजूला मुलगा, सून, मध्ये चिमणी. आणि दुसऱ्या बाजूला बायको, जरा लांब उभी. तिच्या आणि चिमणीच्या मध्ये जागा सोडलेली. एक माणूस मावेल एवढी.

"आजी म्हणाली, इथे कोणी उभं राहायचं नाही," चिमणीने सांगितलं.

भट्टीवाल्यांनी त्या जागेवर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं. पण माणूस असा, की चूक कळली तरी कबूल करेल तर शपथ. ते केबिनमध्ये आले आणि उलट बायकोवरच घसरले. "फोटोत भोक ठेवून जगाला काय दाखवायचंय?"

"जगाला कशाला? तुम्हाला दिसलं ना, झालं," ती म्हणाली. "उद्या शेवटचं बंदर आहे. यायचं असेल तर या. मी पुन्हा विचारणार नाही."

सकाळी तिने खरंच विचारलं नाही. सगळे मोठी बाग पाहायला निघाले. दारात सवयीने तिच्या तोंडून "मागे" एवढं निघालं, मग तिने ओठ मिटले. भट्टीवाले रागारागाने समुद्राच्या बाजूच्या डेकवर जाऊन उभे राहिले. तिकडून बंदर दिसत नव्हतं, नुसतं पाणी. कठडा धरून ते उभे होते खरे, पण जीव सगळा दुसऱ्या बाजूला. भट्टी नाही, धूर नाही, लाकडं सरकवायची नाहीत, मग मी कशाची राखण करतोय? दोन बॅगा आणि एक मफलर? थोड्या वेळाने ते स्वतःशीच मोठ्याने "मूर्ख!" म्हणाले, शेजारच्या बाईने दचकून पाहिलं, आणि भट्टीवाले जिना उतरत सुटले. केबिनकडे वळलेही नाहीत.

खाली ऊन मी म्हणत होतं. सहलीच्या गाड्या निघून गेल्या होत्या. बागेचं नावही यांना माहीत नव्हतं. बंदराच्या फाटकाबाहेर टोप्या विकणारे, रंगीत छत्र्यांखाली शहाळी सोलणारे, आणि "चला, चला, बाग, किल्ला, बाजार" असे अंगावर येणारे गाडीवाले. कुठली बाग म्हणून विचारलं तर तिथे बागा तीन. भट्टीवाले एका गाडीत बसले, उतरले, दुसऱ्या गाडीवाल्याशी बोलले आणि परत फाटकाशी आले. चुकामूक झाली तर? त्यापेक्षा गाडी येईल तिथेच थांबावं. एक शहाळं त्यांनी तिच्यासाठी घेतलं, ते हातात गरम झालं. बाकावर बसले की उठायचे, उठले की पुन्हा बसायचे. आली की काय म्हणायचं, तेही ठरत नव्हतं.

गाडी आली ती उन्हं उतरायला लागल्यावर. मुलगा उतरला, सून उतरली, झोपाळलेली चिमणी उतरली. दार बंद झालं.

"आई कुठे?" भट्टीवाले ओरडले.

"आई?" मुलगा गोंधळला. "ती तर गाडी सुटायच्या आधीच परत फिरली. म्हणाली, ते येत नाहीत तर मीच त्यांच्याजवळ जाऊन बसते. तुम्ही इथे काय करताय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! भट्टीवाले शहाळ्यासकट शिडीकडे पळाले. मागून मुलगा ओरडत होता, "बाबा, आता पुन्हा उतरायला वेळ नाही उरलेला!"

केबिनमध्ये बायको खुर्चीत बसली होती. पायाशी दोन्ही बॅगा ओढून घेतलेल्या. डोळे लाल.

"कुठे होतात?" ती म्हणाली. "सकाळपासून बसलेय मी."

"अगं, मग शोधायचंस ना मला! डेकवर यायचंस, खाली यायचंस!"

"येणार कशी? खोलीत कोणीच नव्हतं. मागे कोण राहणार?"

आधी ती हसली, मग त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "देवा, दोघंही सारखेच वेडे," ती म्हणाली. शेवटचं बंदर होतं आणि दिवस संपत आला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"ऊठ," भट्टीवाले म्हणाले.

"आता? आणि दार?"

"त्याचं ते लागतं."

शिडीवरून सगळी माणसं वर येत होती, ही दोघंच खाली निघाली होती. कार्ड तपासणाऱ्याने घड्याळ दाखवलं. भट्टीवाल्यांनी मान डोलावली आणि तिचा हात घट्ट धरला. पायथ्याशी फोटोवाला तिपाई मिटून पिशवीत भरत होता. "अहो, एकच, एकच काढा," असं भट्टीवाले म्हणेपर्यंत तो पिशवी खांद्याला लावून वर चढून गेलाही.

भट्टीवाल्यांचा चेहरा उतरला. "तेवढं एक राहिलं बघ. माझ्यामुळे राहिलं."

"राहू दे," ती म्हणाली. तिने त्यांच्या हातातलं शहाळं घेतलं, दोन घोट प्यायली आणि उरलेलं त्यांना दिलं. दिवसभर तापलेला धक्का चपलांमधून पायांना लागत होता. दोघं फाटकापर्यंत चालत गेले. तिथे भट्टीवाले सवयीने थांबले आणि वळून जहाजाकडे पाहू लागले.

बायकोने वळून पाहिलं नाही. "मागे कोण?" तिने विचारलं.

भट्टीवाल्यांनी जहाजाकडे पाठ फिरवली.

"कोणी नाही," ते म्हणाले.