भाऊबीजेची हार्ड डिस्क

कोजागिरीच्या आदल्या दिवशी सकाळी अमरावतीहून वहिनीचा फोन आला. वहिनी फोनवर आधी ऊन-पाणी, भाजीचे भाव असं सगळं बोलून घेते आणि मग मुद्द्यावर येते. त्या दिवशी तिनं एवढंच म्हटलं, "ताई, तुमचा दादा गेला..." फिरून आला, चपला काढल्या, "चहा टाक" म्हणाला आणि खुर्चीत बसला. चहाला उकळी यायच्या आत सगळं संपलं होतं. इकडे अकोल्यात यांनी गाडी बाहेर काढली आणि मी कपाट उघडून नुसती उभी राहिले. साडी घ्यायची, पैसे घ्यायचे, काही सुचेना. हाताला लागली ती दादाची हार्ड डिस्क. नॅपकिनात गुंडाळलेली, दादानंच दिलेली. मी ती पर्समध्ये टाकली आणि दारापर्यंत जाऊन परत आले, पुन्हा जागेवर ठेवली. सगळ्या प्रती एका गावात न्यायच्या नाहीत, असा दादाचा नियम होता. माणूस गेला तरी त्याचा नियम काही माझ्यानं मोडवेना. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत मला रडूही आलं नाही.

माझा मोठा भाऊ वकील होता. आमची शेती वलगावची, त्यामुळे जमिनीचे दावे त्याला मातीसकट कळत. पण गेली कित्येक वर्षं त्याच्याकडे अशिलांइतकीच दुसरीही माणसं येत. कुणाच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग असे, कुणाचे अमेरिकेतल्या नातवाचे फोटो, आणि प्रश्न एकच : साहेब, हार्ड डिस्क कोणती घेऊ? दादा किंमत सांगत नसे, कंपनी सांगत नसे. चष्मा कपाळावर सरकवून उलट विचारायचा, "आधी हे सांगा, यातलं काय गेलं तं तुमी रडान?" माणूस गडबडून जायचा. मग दादा म्हणायचा, "तेवढं दोन जागी ठेवा. बाकीचं गेलं तं गेलं." मला तेव्हा हा त्याचा कोर्टातला उलटतपासणीचा खाक्या वाटायचा आणि हसू यायचं.

त्याची मतं पक्की होती. पेन ड्राइव्ह म्हणजे पिशवी, कपाट नाही; सामान न्यायला-आणायला बरी, ठेवायला नाही. आतून फिरणारी जुनी हार्ड डिस्क पडली की मेली, पण मरायच्या आधी बिचारी कुरकुर तरी करते. नवी एसएसडी पडली तरी तिला फारसं काही होत नाही, पण जाते तेव्हा मुकाट्यानं जाते, आणि वर्षानुवर्षं विजेविना कपाटात पडून राहणंही तिला सोसत नाही. म्हणून घरात ठेवायला एक फिरणारी आणि प्रवासाला एक न फिरणारी, अशी त्याची विभागणी. दोन डिस्का एकाच दिवशी एकाच दुकानातून घ्यायच्या नाहीत. एकदा आमच्या जठारपेठेतला दुकानदार म्हणाला, "साहेब, दोन सोबत घ्या, भाव करून देतो." दादा म्हणाला, "जुळे एकदमच आजारी पडतात, बाप्पा. मले भाव नको, दोन वेगळे साक्षीदार पायजेत. एकच साक्षीदार असला अन् तो फिरला, तं केस गेली न." दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. आणि शेवटचा नियम असा की, उघडून पाहिल्याशिवाय तिला प्रत म्हणायचं नाही. कॉपी झाली असं कॉम्प्युटर सांगतो, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. फाइल उघडायची, शेवटपर्यंत पाहायची, मगच डिस्क कपाटात ठेवायची.

या सगळ्याचा मला फटका बसला तो भाऊबीजेला. इतरांचे भाऊ साड्या देतात, पाकीट ठेवतात. माझा भाऊ ओवाळून झालं की ताटात, निरांजनाच्या शेजारी, हार्ड डिस्क ठेवायचा आणि गेल्या वर्षीची परत मागायचा. म्हणजे ओवाळणीसुद्धा अदलाबदलीची. दुसऱ्या वर्षी मी म्हटलं, "दादा, मी काय तुझं कोठार आहे?" तर तो म्हणाला, "मंदे, हे माह्या घरी बी आहे अन् तुह्या घरी बी. अमरावतीत आग लागली, पूर आला, तरी अकोल्यात राहीनच." मी म्हटलं, "अन् आज तर दोन्ही अकोल्यातच आहेत, आता आग लागली तं?" त्यावर त्यानं लाडवाचा तुकडा तोडत शांतपणे सांगितलं, "घरचा कॉम्प्युटर अमरावतीलेच आहे न." वकिलाशी कोण वाद घालणार? जावा-नणंदांत मी बरीच वर्षं चेष्टेचा विषय होते. यंदा किती जीबीची ओवाळणी आली, असं सगळ्या विचारत.

त्या डिस्कवर काय होतं, हे मात्र कुणी विचारत नसे. सगळ्यांना माहीत होतं.

दादा-वहिनीची केतकी तापानं गेली तेव्हा ती दुसरीत होती. तिच्यानंतर त्यांना मूल झालं नाही. ती बालवाडीत जायला लागली तेव्हा दादानं कॉम्प्युटर आणि छोटा डिजिटल कॅमेरा घेतला होता, आणि तिचं सगळं बालपण त्या कॉम्प्युटरमध्ये होतं. आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं काढला त्यालाच कळेल की मे महिन्यात घरातली भांडीसुद्धा हाताला चटके देतात. केतकी गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर तापून मधेच बंद पडायला लागला. दादानं टेबल ओढून खिडकीतल्या कूलरच्या तोंडाशी नेलं. "आपल्याले गार लागते, त्याले बी लागन," असं तो म्हणाला, आणि आम्हाला सगळ्यांना ते पटलं. कूलरची ओली हवा, त्या ओलीवर बसणारी धूळ आणि वरून भारनियमनाचे झटके... पावसाळा लागायच्या आत कॉम्प्युटर गेला आणि हार्ड डिस्कही गेली. दुरुस्तीवाल्यानं तीन कारणं सांगितली. दादानं त्यातलं एकच ऐकलं, ते कूलरचं. उरलेला उन्हाळा त्यानं कूलर लावला नाही, स्वतःपुरताही नाही.

मग तो ती मेलेली डिस्क मांडीवर घेऊन नागपूरला गेला. तिथल्या एका माणसानं महिनाभर खटपट करून थोडंसं परत काढून दिलं. काही अर्धे फोटो, खालून राखाडी झालेले, आणि चालणारा एक व्हिडिओ. वलगावच्या शेतात संत्र्याच्या झाडाखाली बसून केतकी संत्रं सोलतेय. दादानं ते घरी आणून लावलं तेव्हा मी तिथंच होते. वहिनी स्वयंपाकघरात होती. पोरीचा आवाज आला तशी ती मागच्या दारानं अंगणात गेली आणि आवाज थांबेपर्यंत आत आली नाही. आल्यावर म्हणाली, "हे माह्या कानावर पुन्हा येऊ देऊ नका." तिचा चेहरा मला आजही आठवतो. दादा "बरं" म्हणाला. त्यानंतर त्या घरात तो व्हिडिओ कधी लागला नाही. प्रती मात्र होत राहिल्या.

भाऊबीजेला जेवण झालं की दादा म्हणायचा, "मंदे, डिस्क तपासून घेतो जरा." माझ्या मुलाची खोली तो शिकायला पुण्याला गेल्यापासून रिकामीच होती, कॉम्प्युटर तिथंच होता. दादा आत जाऊन दार लोटून घ्यायचा. पहिल्यांदा मला वाटलं, किती वेळ लावतोय हा, एवढं काय तपासायचं असतं? मी चहाचं विचारायला गेले आणि दाराशीच थांबले. आतून अगदी बारीक आवाज येत होता. "बाबा, आ करा..." मग थोडी शांतता. मग पुन्हा पहिल्यापासून. "बाबा, आ करा..." मी उलटपावली परत आले. चहा तासाभरानं केला.

तेव्हापासून भाऊबीजेची दुपार मी सांभाळली. हे वामकुक्षीला आत गेले की मेथीची जुडी घेऊन मी त्या खोलीच्या दाराबाहेर स्टूलवर बसायची. कुणाला तिकडे फिरकू देत नसे. एका वर्षी शेजारचे काका नेमके डिस्कबद्दलच विचारायला आले, तर मी दादा झोपलाय म्हणून सांगितलं. दादा बाहेर यायचा तेव्हा तोंड धुऊन आलेला असायचा. "चांगली आहे डिस्क," असं म्हणायचा. मी म्हणायची, "बरं झालं." आम्ही भावंडं याच्यापलीकडे कधी काही बोललो नाही, आणि त्याची मला खंत नाही. वर्षातून एक दुपार त्याला त्याची लेक भेटत होती आणि ती माझ्या घरात भेटत होती. आगीचं आणि पुराचं त्यानं मला उगाच सांगितलं होतं. ते खरं नाही हे मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे बहुधा त्यालाही.

तेरवीनंतर आम्ही अकोल्याला परतलो आणि पाठोपाठ वहिनीचा फोन आला. "ताई, भाऊबीजेले मी येऊ काय?" वर्ष व्हायचं आहे, आत्ताच उंबरा कशाला ओलांडायचा, असं चार जणी म्हणाल्या असतीलच. मी म्हटलं, या. दुपारच्या गाडीनं ती एकटीच आली. आमच्याकडे यंदा कंदील नव्हता, फराळ नव्हता, ओवाळायचं तर कुणाला? पाणी पिऊन तिनं पर्स उघडली आणि नॅपकिनात गुंडाळलेली डिस्क माझ्या हातात दिली. "दसऱ्यालेच आणून, भरून ठेवली होती त्याईनं. तुमची ओवाळणी." डिस्कवर दादाच्या अक्षरात 'मंदा' असं लिहिलं होतं. तिथं मात्र मला आवरलं नाही. वहिनीनं मला रडू दिलं. मग आम्ही दोघी जेवलो, वरण-भातच केला होता.

हात धुता धुता वहिनीनं विचारलं, "ते कोणत्या खोलीत बसत?"

मी मुलाच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"मले मालूम होतं, ताई," ती म्हणाली. "तुमच्याकडे काहून येत, एवढा वेळ काहून बसत. घरी कानाले वायर लावून ऐकलं असतं त्याईनं, पण त्याईचा चेहरा तं मले दिसतेच न. म्हणून मीच म्हणो, सकाळीच निघा, संध्याकाळची गाडी घ्या, घाई करू नका..." मग ती म्हणाली, "उघडून पाह्यल्याशिवाय प्रत म्हणत नाई म्हणे. मंग यंदाची कोण पाहीन?"

मी तिला खोलीत नेलं. दादाच्या खुर्चीत बसवलं, डिस्क जोडली, कुठं दाबायचं ते दाखवलं. ती मांडीवर हात ठेवून नीट बसली, पाहुण्यांकडे बसतात तशी. मी बाहेर आले आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या मागं दार लोटून घेतलं. स्टूल तिथंच होतं. मी बसले.

आतून वहिनीचा आवाज आला.

"ताई, दार लोटू नका. उघडंच राहू द्या."

मी उठून दार उघडलं. वहिनीनं आवाज वाढवला, दादा कधीच ठेवत नसे इतका. सगळ्या घराला ऐकू गेलं. हे झोपेतून उठून बाहेर आले आणि पॅसेजमध्ये उभे राहिले. पडद्यावर केतकी संत्र्याची फोड घेऊन पुढं पुढं येत होती. "बाबा, आ करा." सगळा पडदा केशरी झाला, कॅमेरा कलंडला, झाडाची फांदी दिसली, आणि तोंडात फोड घेऊन हसणारा दादाचा तरुण आवाज घरभर आला, "गोड आहे व, तुह्या आईले बी दे."

वहिनीनं ते शेवटपर्यंत पाहिलं. मग डोळे न पुसताच मला म्हणाली, "चांगली आहे डिस्क."

निघताना तिनं गेल्या वर्षीची परत मागून घेतली.