तेकेस्ते शिंप्याचा अंगठा

आस्मारा शहरात सायकल चालवता न येणारा मनुष्य शोधूनही सापडणे कठीण आहे. परंतु सायकलवरून न उतरता धर्मगुरूंच्या क्रूसाचे चुंबन घेऊ पाहणारा मनुष्य एकच होऊन गेला, आणि तो म्हणजे वरच्या वस्तीतील तेकेस्ते शिंपी.

तेकेस्तेने तेव्हा पंचेचाळिशी ओलांडली होती. दिवसभर पाय शिवणयंत्रावर आणि पहाटे सायकलवर, असा त्याचा नेम होता. चाळिशी उलटलेल्या पुरुषांची सायकल शर्यत वर्षातून एकदा होत असे आणि ती त्याने कधी चुकवली नव्हती. क्रमांक मात्र त्याच्या वाट्याला कधी आला नाही. कोणी विचारलेच तर तो गंभीरपणे सांगे, "माझ्या मागे कुणी तरी असतंच."

ही शर्यत नेहमी खाली, ताडाच्या झाडांच्या मोठ्या रस्त्यावर होई. तेकेस्तेची आई अब्रेहेत हिचे गुडघे धरलेले असल्यामुळे तिला तो उतार उतरणे शक्य नव्हते. मुलगा इतकी वर्षे शर्यतीत धावत होता, पण तिने ते एकदाही पाहिले नव्हते. "तुझी शर्यत म्हणजे माझ्यासाठी नुसते घामट कपडे," असे ती म्हणे.

त्या वर्षी मोठा रस्ता दुरुस्तीसाठी उकरला गेला आणि शर्यत वरच्या वस्तीत आली. प्रत्येक फेरीला सायकली तेकेस्तेच्या दारावरून जाणार होत्या. पुढच्या वर्षी शर्यत पुन्हा खाली जाणार, हेही सर्वांस ठाऊक होते. आईने त्यास पाहावे अशी ही एकच संधी होती. तेकेस्तेने आईच्या बसण्याच्या स्टुलाचा डुगडुगणारा पाय ठोकून घट्ट केला.

शर्यत रविवारी होती. गुरुवारी सकाळी तेकेस्ते सरावासाठी चढण चढत असता वळणावर धर्मगुरू झेराइ उभे दिसले. धर्मगुरू भेटले की सायकलवरून उतरावे, वाकावे आणि त्यांच्या हातातील क्रूसास ओठ लावावेत, ही रीत तेकेस्तेने बाळपणापासून पाळली होती. पण त्या दिवशी चढणीवर पायांना सुरेख लय सापडली होती आणि ती मोडणे त्याच्या जिवावर आले. वेग कमी करून तो बसल्या जागेवरूनच बाजूला झुकला. ओठ क्रूसास लागले, हे खरे. परंतु त्याच क्षणी पुढचे चाक गटारात गेले आणि तेकेस्ते धर्मगुरूंच्या पायांशी आडवा झाला.

"अरे बाळा, पाया पडायला कुणी सांगितलं होतं?" धर्मगुरू घाबरून म्हणाले.

कोपर सोलवटले, कंबर काळीनिळी झाली आणि उजवा अंगठा सुजला. हाडे बसवणाऱ्या बाईने अंगठा ओढून जागेवर आणला, फडक्याने बांधला आणि हात उंच ठेवून निजून राहण्यास बजावले. शर्यतीची व्यवस्था पाहणारा हब्तेआब हा सायकल दुरुस्त करणारा तेकेस्तेचा जुना मित्र होता. त्याने चाक सरळ करून दिले आणि सांगितले, "शनिवारी संध्याकाळी येतो. माझ्यासमोर मूठ वळून ब्रेक दाबलास तर धाव. नाही तर दारात आईशेजारी बस आणि टाळ्या वाजव."

"टाळ्यांनाही अंगठा लागतो," तेकेस्ते म्हणाला.

निजून राहणे मात्र त्याच्या नशिबी नव्हते. पडलेल्या माणसाची विचारपूस न करणे आमच्याकडे वैर धरण्यासारखे समजतात. दुपारपासून माणसांची रीघ लागली. तेकेस्ते हाताऐवजी मनगट पुढे करी, तरी येणारा रीतीप्रमाणे खांद्यावर खांदा आपटीच, आणि ती कळ कंबरेपर्यंत जाई. त्याची पत्नी हिदात कॉफीच्या बिया भाजे आणि आई मातीच्या सुरईतून कॉफी ओती. पहिला पेला, दुसरा पेला, आणि तिसरा आशीर्वादाचा. तो घेतल्यावाचून पाहुण्याने उठू नये आणि यजमानाने आडवे होऊ नये. एक मंडळी तिसऱ्या पेल्यावर येई तोच दुसरी दारात उभी राही.

"क्रूस गोड लागला का रे?" एकाने विचारले.

"गटार तर जवळून पाहिलंस ना?" दुसरा म्हणाला.

शुक्रवारही असाच गेला. रात्री तेकेस्तेने मूठ वळून पाहिली. ती अर्धी वळली. आईने ते पाहिले.

"यंदा नाही धावलास तर काय बिघडेल?" तिने विचारले. "मी तुला चालताना रोज बघते."

"चालताना सगळेच दिसतात, आई."

शनिवारी सकाळी धर्मगुरू झेराइ विचारपूस करण्यास आले, तेव्हा खोली पाहुण्यांनी भरली होती. अब्रेहेतने त्यांस पेला देताना हळूच म्हटले, "अबोय, बाबा, ही माणसं माझ्या पोराला शर्यतीला मुकवणार. मला त्यांना उठा म्हणता येत नाही."

धर्मगुरूंनी पहिलाच पेला संपवला आणि ते उभे राहिले. त्यांनी क्रूस उंचावून सर्वांस आशीर्वाद दिला. "आज तिसरा पेला पहिल्यातच आला आहे. आता घरी जा. जो थांबेल त्याने या गड्याच्या जागी चढण चढावी."

खोली रिकामी झाली. स्वतः धर्मगुरू दाराबाहेर छत्री टेकून बसले आणि येणाऱ्यास बाहेरच आशीर्वाद देऊन परत पाठवू लागले. तेकेस्ते हात उशीवर ठेवून दिवसभर झोपला. संध्याकाळी हब्तेआब आला. तेकेस्तेने दात आवळून मूठ वळली आणि ब्रेक दाबला.

"चेहरा कशाला वाकडा करतोस?" हब्तेआबने विचारले.

"माझा चेहराच असा आहे."

"तो तर माहीतच आहे. ये उद्या."

रविवारी अब्रेहेत पांढरी शाल पांघरून दारात स्टुलावर बसली. शेजारी धर्मगुरू उभे होते. पहिल्या फेरीत पुढचे सारे निघून गेले आणि मग तेकेस्ते दिसला. दाराजवळ येताच त्याची दृष्टी सवयीने क्रूसाकडे गेली आणि मान झुकू लागली.

"समोर बघ, गाढवा!" अब्रेहेत ओरडली.

धर्मगुरूंनी लगबगीने क्रूस आपल्या शालीत लपवला आणि रिकामा पंजा हलवला. "जा, बाळा, जा!"

पुढील प्रत्येक फेरीस तेकेस्ते दिसला की धर्मगुरू क्रूस लपवीत आणि तो गेला की बाहेर काढीत. शेवटी तेकेस्तेच्या मागे दोघे जण राहिले.

शर्यत संपल्यावर तो सायकल हाताने ढकलीत दारी आला. त्याने सायकल भिंतीस टेकवली, वाकला आणि क्रूसास नीट ओठ लावले. मग तो आईपुढे उभा राहिला.

"पाहिलंस?"

"पाहिलं. गुडघे फार बाहेर टाकतोस." तिने त्याच्या बांधलेल्या अंगठ्यावरून बोट फिरवले. "आणि एका फेरीला मी कॉफी ओतत होते, ती हुकली. पुन्हा एकदा जा बघू समोरून."

तेकेस्तेच्या पायांत त्राण उरले नव्हते. तरी त्याने सायकल घेतली आणि तो चढणीच्या पायथ्याकडे निघाला. धर्मगुरूंनी क्रूस आधीच शालीत घालून ठेवला.