झुंबरचं नाक

बोईसरच्या ड्रेनेज लाईनवर झुंबरला सगळे 'नाकवाला' म्हणत. आष्टीहून तो आला तो कारखान्यात हेल्पर म्हणून. कारखाना बंद पडल्यावर गटारं तपासणाऱ्या ठेकेदाराकडे लागला. झाकण काढायचं, चाकांच्या गाडीवरचा कॅमेरा आत सोडायचा आणि पाइप कुठे फुटलाय, कुठे खचलाय ते व्हॅनमधल्या पडद्यावर पाहायचं, असं काम. तारापूरच्या बाजूचे जुने पाइप बहुतेक सारखेच निघत. वरची बाजू गॅसनं खाल्लेली, सळया उघड्या.

माणूस आत उतरवायचा नाही, असा नियम होता. कॅमेरा अडकला की हा नियम मोडला जाई. गॅस मोजायचं यंत्र पालघरला दुरुस्तीला गेलं होतं, ते आलंच नाही. म्हणून सुपरवायझर मेहुल झुंबरला झाकणापाशी बोलवी. साधी घाण कुठली आणि मारणारा गॅस कुठला, हे त्याला हुंगून कळतं असा सगळ्यांचा विश्वास होता. या कामामुळे त्याला स्वतःला उतरावं लागत नसे.

होळीच्या सुमाराला तो घरी शेगडीपाशीच बसलेला असताना डाळ करपून पातेलं काळं झालं. वास आला म्हणून शेजारीण धावत आली. बायकोनं, मैनाबाईनं, विचारलं तेव्हा डोळा लागला होता, असं त्यानं सांगितलं. नंतर तिच्या नकळत त्यानं लसूण ठेचून हुंगला, रॉकेल हुंगलं. काहीच नाही.

तेव्हापासून तो आजूबाजूची तोंडं वाची. कुणी नाक मुरडलं की थांबा, नाही मुरडलं की उतरा. निभावत होतं.

त्या दिवशी कॅमेरा खचलेल्या पाइपात रुतला. उतरायची पाळी भाग्येशची होती. तो मैनाबाईचा भाऊ. त्याला कामाला लावलं झुंबरनंच. भाग्येशनं कमरेला दोर बांधला. वारा समुद्राकडून येत होता, माणसं त्याच बाजूला उभी होती, वास त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. कुणाच्याच तोंडावर काही दिसेना. झुंबर वाकून राहिला.

"दाजी, उरका की. अत्तराची बाटली हाय का ती?" भाग्येश म्हणाला. माणसं हसली.

झुंबर उठून उभा राहिला. "माझं नाक गेलंय," तो म्हणाला. "होळीपासनं कसलाच वास येत न्हाई."

भाग्येशनं दोराची गाठ सोडायला घेतली. मग थांबला. "परवा मला उतरवलं, ते कशावरनं?"

"तुझ्याच तोंडाकडं बघून."

कॅमेरा रात्रभर पाइपातच राहिला. परतताना व्हॅनमध्ये भाग्येश पुढे जाऊन बसला. घरी त्यानं बहिणीला काही सांगितलं नाही, आणि झुंबरनंही नाही.

सकाळी मेहुलनं झुंबरला काढून टाकलं नाही. कॅमेरा महागाचा होता, तो आजच बाहेर हवा होता. "तुमाला वास येत नाय, तर आत तरास पन नाय व्हायचा," असं म्हणत त्यानं दोर झुंबरच्या हातात दिला आणि भाग्येशला हुंगायला झाकणापाशी बोलावलं. झुंबरच्या हाताशी दुसरं काम नव्हतं. त्यानं दोर बांधला.

भाग्येश वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"उतरा, दाजी," तो म्हणाला. झुंबरकडे त्यानं पाहिलं नाही.