मन्मथअप्पांच्या बैठकीचं हापिस

विषय : माझी स्वतःची सजावटशैली व तिने केलेला माझाच घात याबाबत.
संदर्भ : मन्मथअप्पांची बैठक, लातूर.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येतं की, परवा आमच्या मेहुण्याने तो विषय पुन्हा काढला. नात्यातल्या एका मुलीने घरसजावटीचा अभ्यासक्रम पुरा केला म्हणून पेढे वाटत होते. पोरगी हुशार. मी तिचं कौतुक करायला तोंड उघडतोय, तोच मेहुणा म्हणाला, "आमचे दाजी बी डेकोरेटरच की! विचार त्यांना अप्पांच्या बैठकीचं."

सगळं घर हसलं. त्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता, तेही हसले!

मला राग येतो. का येऊ नये? माणसाने जन्मभर सरकारी नोकरी केली, एक दिवस उशिरा गेला नाही, आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं? बैठक! तेव्हा आता मीच सांगून टाकतो. हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा.

लातूर जिल्हा झाला तेव्हा गावात पेढे वाटले, फटाके फुटले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात आलं की जिल्ह्याला बसायला जागाच नाही. मग मिळेल तिथे कार्यालयं उघडली. एक सरकीच्या गोदामात, एक लग्नाच्या हॉलमध्ये, बाकीची लोकांच्या राहत्या घरांत, भाड्याने. आमचं एका वकिलाच्या घरात होतं. मला नांदेडहून उचलून तिथे आस्थापना शाखेत आणून बसवलं होतं. वर दुष्काळ. नळ नुसते हवा सोडायचे. बायका टँकरच्या वाटेकडे डोळे लावून रस्त्यावर घागरींची रांग लावायच्या, आणि त्या रांगेत आमची सौभाग्यवतीही असायची.

साहेबांच्या वाट्याला वकिलाचं स्वयंपाकघर आलं. पहिल्या दिवशी ते ओट्याला पाठ लावून बसले. मागे भिंतीवर फोडणीचा काळा डाग, डोक्यावर धुराड्याचं भोक. समोर आलेल्या माणसाला कळेना, अर्ज द्यावा की वाटीभर साखर मागावी!

साहेब मला म्हणाले, "अहो, ही केबिन वाटेल असं काहीतरी करा."

केलं. ओट्यावर हिरव्या बनातीचं जाड कापड अंथरून फायली मांडल्या. धुराड्याच्या भोकावर नव्या जिल्ह्याचा नवाकोरा नकाशा ठोकला. टेबलावर काच, खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल, हाताशी घंटी. दाराला ढकलली की झुलणारी अर्धी दारं, आणि बाहेर एक लांब बाक.

साहेब दारात थबकले. "तुमच्यात कला आहे हो!"

आता काय झालं असेल माझं? वरिष्ठांनी आजवर माझ्यात चूक पाहिली होती, दिरंगाई पाहिली होती. कला कुणीच पाहिली नव्हती. त्या एका वाक्याने मी कामातून गेलो.

दोनचार कार्यालयांनी बोलावलं. एका डॉक्टरांचा दवाखाना मी असा सजवला की रोगी आत येताच टोपी काढून उभे राहायचे आणि काय दुखतंय ते विसरायचे. मग मी विचार करू लागलो की आपली स्वतःची अशी एक शैली आहे. तिचं तत्त्व साधं. आत बसलेला माणूस आहे त्याहून मोठा दिसावा आणि बाहेरून आलेला आहे त्याहून लहान. बाकी पडद्याचा रंग वगैरे दुय्यम.

घरी या कलेला मान नव्हता. सौभाग्यवती उमरीची, तिथली माणसं बोलताना हातचं राखत नाहीत.

"हापिसाला पडदे लावून राहिलात अन् इथं रांजणाला झाकण न्हाई," ती म्हणाली.

"आणतो झाकण."

"कशाला? आत पाणीच न्हाई!"

अशा वेळी मन्मथअप्पा भेटले. अप्पा म्हणजे गंजातले, आमच्या बाजारपेठेतले, डाळीचे मोठे व्यापारी. कपाळावर विभूतीचे पट्टे, स्वतःची डाळमिल, मिलमध्ये त्या दुष्काळातही न आटलेली बोअर आणि दारात ट्रक. कसल्यातरी कामाला साहेबांकडे आले आणि घाम पुसत बाहेर पडले.

"लई दबलो की मी आत!" मला म्हणाले. "मी! माझ्यासमोर सगळा बाजार दबतो! कुणी सजवलं हे?"

मी नम्रपणे मान खाली घातली.

"मग माझी बैठक अशीच करून द्या. उदगीरचे पाहुणे पोरीला पाहायला येऊन राहिलेत. दारातच दबले पायजेत. जमलं तर स्टँडजवळ लॉज बांधून राहिलो, त्याच्या सगळ्या खोल्या तुमच्या हातात."

लॉज! मला पुढचं सगळं दिसलं. लॉज झाला की मंगल कार्यालयं, मग पतपेढ्या, मग दारावर माझ्या नावाची पाटी. राजीनाम्याची पहिली ओळसुद्धा मी मनात जुळवली. पण मी नियमाचा माणूस. सरकारी नोकराला खाजगी व्यवसायाला परवानगी लागते. म्हणून मी रीतसर अर्ज केला. विषय, "गृहसजावटीचा जोडधंदा करण्यास परवानगी मिळणेबाबत". अर्ज विहित मार्गाने आस्थापना शाखेत रुजू झाला.

आणि अप्पांच्या बैठकीला हात घातला. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरीशुभ्र गादी आणि लोड होते. ते उचलायला लावले तेव्हा अप्पांची आई, अव्वा, माजघरातून ओरडत आल्या.

"पाहुणे बसतील कुठं रं, मुडद्या?"

"खुर्चीवर, अव्वा. समोर एका ओळीत."

"अन् मन्मथ?"

"टेबलामागे."

"सोयरीक करायलाय का झडती घ्यायलाय?"

जुन्या लोकांना शैली कळत नाही, असं मी अप्पांना समजावलं. मग हिरवी बनात आली, काच आली, टॉवेल, घंटी, जिल्ह्याचा नकाशा, झुलती दारं. रस्त्याकडच्या ओसरीत बाक टाकला, बाजूला पाहुण्यांसाठी पाण्याचा भरलेला रांजण ठेवला, आणि दारावर पाटी लावली. निळ्यावर पांढरी अक्षरं, अप्पांचं नाव, खाली 'भेटण्याची वेळ'. मी चार पावलं मागे जाऊन पाहिलं. छातीवर हात ठेवून सांगतो, खऱ्या कार्यालयांना लाजवील असं झालं होतं.

इथेच मला कळायला हवं होतं. पण मी छाती फुगवण्यात दंग.

पाहुण्यांचा दिवस उजाडला. मी सकाळीच हजर. अप्पांना खुर्चीत बसवलं आणि बजावलं, "काही झालं तरी उठायचं नाही." उदगीरची बस यायला वेळ होता. तेवढ्यात दारं झुलली आणि आत आला एक म्हातारा. धुळीने भरलेलं धोतर, हातात चौघडी घातलेला दोन प्रतींचा कागद.

"सायेब, दरखास्त हाय. टँकरची."

अप्पा म्हणाले, "अहो बाबा, हे घर हाय माझं."

"घरच हाय की! समदी हापिसं घरातच हायत."

"पण हे हापिस न्हाई!"

"परवा गोदामात गेलो, ते म्हनले हितं न्हाई. काल वकिलाच्या घरी गेलो, ते म्हनले आमच्याकडं न्हाई. तुमी बी तेच म्हना. म्या किल्लारीच्या पल्याडनं चालत येऊन राहिलोय, सायेब. गुरं दारात पडून हायत. ह्या गावात सरकार नेमकं ऱ्हातंय कुठं, तेवढं तर सांगा!"

आजही हे वाक्य आठवलं की माझं डोकं तडकतं. कारण वकिलाच्या घरी त्याला 'आमच्याकडे नाही' म्हणणारे आम्हीच!

आणि मग त्याने तो कागद माझ्यापुढे धरला. आता तुम्ही म्हणाल, मी काय केलं? मी काहीच केलं नाही. हाताने केलं. जन्मभर कारकुनी केलेला हात! समोर अर्ज आला, हात पुढे गेला, खिशातलं पेन निघालं, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर मी 'मिळाला' असं लिहून खाली तारीख घातली आणि वळणदार सही ठोकली.

म्हातारा सहीकडे बघत राहिला. मग बाहेर जाऊन ओरडला, "पोच मिळाली रं! हेच हापिस हाय!"

संपलं. पोच देतं ते हापिस खरं, एवढं गावोगावच्या माणसाला पक्कं ठाऊक. बघता बघता बाक भरला. ओसरी भरली. रिकाम्या घागरी घेऊन बायका आल्या, रांजण कोरडा झाला. अप्पा आधी ओरडले, मग विनवण्या केल्या, आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. टेबल, टॉवेल आणि घंटी मिळून त्यांच्या अंगात शिरली.

"एकेकानं बोला!" अप्पा गरजले. "गाव कुठलं? विहिरी किती?"

माझी शैली समोरच्याला लहान करायची हे मला माहीत होतं. आतल्याला ती इतकी फुगवते, हे मलाही नवीन होतं.

तेवढ्यात उदगीरचे पाहुणे उतरले. मुलाचे वडील डोक्याला झोकदार रुमाल बांधून सरळ दाराकडे निघाले, तर घागरवाली एक म्हातारी आडवी आली.

"रुमाल बांधला म्हनून पुढं घुसतो का? मागं बस!"

"अहो बाई, आम्ही मुलगी पाहायला आलोत."

"हापिसात पोरी बघायला आलाय? लाज न्हाई वाटत?"

मग जी बोलाचाली झाली ती मी लिहीत नाही. कालवा आत पोचला. अप्पांनी मान वर न करता घंटीवर तळहात आपटला. "कोणी बी असू द्या! रांगेनं या!"

दारं झुलली. व्याह्यांचा रुमाल सुटून गळ्यात आला होता.

"पोरगी बघायला रांग?" ते म्हणाले. "आमच्यापुढं किती जण हायत म्हणायचं?"

अप्पांचा चेहरा विभूतीपेक्षा पांढरा झाला. मग तो लाल झाला, आणि माझ्याकडे वळला.

"भाऊसाहेब! बाक रिकामा करा!"

"पण टँकरशिवाय ते उठणार नाहीत, अप्पा."

"मग देतो की टँकर!" अप्पा किंचाळले. "मिलवरनं ट्रक काढा! बोअरचं पाणी पिपांत भरा! पयला त्या बाबाच्या गावाला जाऊ द्या, मग बाकीच्यांच्या! पण माझ्या ओसरीवरनं उठा!"

म्हाताऱ्याने हात जोडले. "सही कुठं करू, सायेब?"

"कुठं बी नको! जा!"

गर्दी पांगली. मुलगी पाहून झाली. चहा पिऊन व्याही उठताना एवढंच म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पण पुढं व्याही म्हणून आल्यावर बी बाकावर बसावं लागणार असंल, तर आताच सांगून ठेवा." अव्वांनी त्यांच्यासमोर माझ्याकडे जे पाहिलं, त्यापेक्षा त्यांनी मारलं असतं तर बरं.

सोयरीक जमली, पाणी गावात पोचलं, म्हणजे सगळं गोड झालं असं वाटतंय ना? थांबा.

अर्ज दिला त्याच दिवशी टँकर मिळतो असं कार्यालय कुणी पाहिलंय? बातमी अख्ख्या तालुक्यात गेली. दुसऱ्या दिवशी अप्पांना घरातून बाहेर पडता येईना. पाण्याच्या खऱ्या कार्यालयात माणूस फिरकेना, म्हणून त्यांनीच वर तक्रार केली. मी त्या म्हाताऱ्याचा मूळ अर्ज रीतसर त्यांच्याकडे पाठवला होता. तो त्यांनी 'योग्य कार्यालयाकडे परत' असा शेरा मारून धाडला. कुठे? अप्पांच्या पत्त्यावर!

आठवड्याच्या आत गादी आणि लोड परत आले. बाक अप्पांनी स्वतः उचलून रस्त्यात टाकला.

"अप्पा, लॉजचं..." मी चाचरत म्हणालो.

"लॉज?" अप्पांचा आवाज सबंध गल्लीने ऐकला. "तुमच्या हातात लॉज दिला तर गिऱ्हाईक झोपायच्या आधी दरखास्त करंल, अन् सकाळपर्यंत पोच घेऊन व्हरांड्यात बसंल! निघा!"

माझी सजावटीतली कारकीर्द लॉजच्या त्या व्हरांड्यात सुरू होण्याआधीच संपली. पण सरकारदरबारी काही संपत नाही. साहेबांनी बोलावलं. मी सजवलेल्या त्याच केबिनमध्ये, त्याच टॉवेलला टेकून ते बसले होते. आणि सांगतो, मी दबलो. काय शैली होती ती!

"ही पोच कुणी दिली?" त्यांनी तक्रारीला जोडलेला कागद पुढे सरकवला.

"सही माझीच आहे, साहेब."

"अनधिकृत कार्यालय चालवलं तुम्ही! याची चौकशी होईल." त्यांनी फाईलवर शेरा मारला आणि मान वर न करता ती माझ्याच हातात दिली. शेरा होता : 'आस्थापना शाखेने चौकशी करून अहवाल द्यावा.'

आस्थापना शाखेत चौकशीचं टेबल माझं होतं.

मी मला नोटीस काढली. मी खुलासा दिला नाही. मी मला स्मरणपत्र पाठवलं. ते मला मिळालं, त्याची पोचही मी दिली. खुलासा आजतागायत अप्राप्त आहे. संबंधित कर्मचारी सहकार्य करत नाही, अशी माझी नोंद आहे.

राहता राहिला परवानगीचा अर्ज. तोही त्याच टेबलावर होता. नियम स्पष्ट असल्यामुळे मी त्यावर टिप्पणी लिहिली : 'अर्जदाराविरुद्ध चौकशी सुरू असल्याने निर्णय तूर्त घेता येत नाही.' खाली सही केली.

त्यानंतर मी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झालो. सदर अर्ज प्रलंबित आहे.