नवरीच्या वाटेत आमचा रिव्हर्स

आमची गाडी उत्तम आहे, फक्त ती मागे जात नाही. हे मला कळलं तेव्हा समोर नवरी उभी होती.

(माझी नव्हे. माझी शेजारच्या सीटवर कपाळाला हात लावून बसली होती.)

आदल्या संध्याकाळी आम्ही सेकंडहँड गाडी घेतली आणि सकाळी बोळिंजहून थेट भुईगावला, माझ्या सासुरवाडीला दाखवायला नेली. सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, वाडीत नारळ फोडला. सासूबाईंनी चाकांना हळदकुंकू लावलं. पण त्यांचं तेवढ्यावर भागत नाही. त्यांच्या घरात टीव्हीला, मिक्सरला, इतकंच काय रिमोटलाही क्रोशाचं कव्हर आहे! आमच्या गिअरसाठी त्यांनी गुलाबी लोकरीचं टोपडं विणून ठेवलं होतं, झालरीसकट. ते दांड्यावर चढवून खालून सुईदोऱ्याने घट्ट शिवूनही टाकलं.

"निघायला नको," त्या म्हणाल्या.

"किती सुंदर!" मी म्हणालो. जावयाला दुसरं काय म्हणता येतं?

दुपारी निघालो. वाडीत विहिरीला वळसा घालून गाडी वळवली, फाटकाबाहेर पडलो आणि गल्लीत जरा पुढे येतो तोच समोरून फुलांनी मढवलेली गाडी! आत शेजारच्या पास्कूभाऊंची लव्हिना, पांढऱ्या गाउनमध्ये. चारला चर्चमध्ये तिचं लग्न. तिच्या मागे बँड, बँडमागे वऱ्हाडाच्या गाड्या. त्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तरी एकाला उतरावं लागतं. अर्थात मागे मीच जायचं होतं.

"हा काय, आत्ता घेतो!" मी रुबाबात म्हणालो. क्लच दाबला, गिअर डावीकडे वर टाकला (विकणाऱ्याने तसंच सांगितलं होतं, त्यानंतरही तो काहीतरी सांगत होता, पण मी गाडीबरोबर सेल्फी काढत होतो) आणि ॲक्सिलरेटर दिला. गाडी टुणकन पुढे गेली! नवरीचा ड्रायव्हर ओरडला. मी ब्रेक मारला, पुन्हा रिव्हर्स टाकला. गाडी पुन्हा पुढे! आता दोन गाड्यांच्या मध्ये जेमतेम मी उभा राहीन एवढीच जागा उरली.

बँड थांबला आणि निदान सुरू झालं.

"क्लच प्लेट गेली," ट्रंपेटवाला म्हणाला.

"गिअर ऑइल संपलं असेल," फाटकातून धावत आलेले नाना म्हणाले.

"न्यूट्रल करा, क्लच सोडा, परत दाबा, मग टाका. रिव्हर्सचे दाते अडकतात कधीकधी," ड्रमवाला म्हणाला. मी तसं केलं. गाडीने पुन्हा पुढेच मुसंडी मारायचा प्रयत्न केला.

"गिअरवर नकाशा असतो ना, तो बघ," बायको म्हणाली. नकाशा टोपड्याखाली होता. आणि टोपड्याची निर्माती खिडकीशी उभी राहून कौतुकाने त्याची झालर सारखी करत होती. कोण हात लावणार?

पास्कूभाऊ घामाघूम झाले. "अरे बाबा, फादर वाट बघतात! माझी पोर काय तुझ्या बॉनेटवरून चालत जाणार?"

मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका मुलीचं लग्न माझ्या बंपरपाशी अडलं होतं! मी गाडी न्यूट्रलला टाकली, खाली उतरलो, बॉनेटला हात टेकले आणि गर्जना केली, "चला, ढकलू या!"

बँडवाल्यांनी आपापल्या पांढऱ्या सुटांकडे पाहिलं. कोणीही आलं नाही. एकटी लव्हिना गाउन गोळा करून उतरली आणि माझ्या सीटवर जाऊन बसली. "अंकल, थांबा जरा," ती म्हणाली. मला वाटलं, स्टिअरिंग धरायला बसली असेल.

मी डोळे घट्ट मिटले आणि जोर लावला. गाडी हलेना. आतून "आजी, प्लीज, काढा ना!" आणि "फाडू नको गो बाय, मी उसवते!" असं काहीतरी ऐकू आलं. लक्ष दिलं नाही. तेवढ्यात बँडवाल्यांनी मला चेव यावा म्हणून दणक्यात वाजवायला सुरुवात केली. मी दातओठ खाल्ले... आणि गाडी हलली! सरसर मागे निघाली!

"गेली! गेली!" मी ओरडलो. "ताकद लागते, ताकद!"

फाटकातून लव्हिना परत आली ती बोटावर गुलाबी टोपडं नाचवत. "अंकल, ह्याच्याखाली एक रिंग आहे. ती वर ओढल्याशिवाय रिव्हर्स पडत नाही, फर्स्टच पडतो. माझी पण हीच गाडी आहे." सासूबाईंनी ते टोपडं तिथेच तिला आहेर म्हणून देऊन टाकलं. नवरी वेळेवर चर्चला पोचली.

परवा पास्कूभाऊंनी आम्हाला लग्नाचा व्हिडिओ दाखवायला बोलावलं. त्यात सुरुवातीलाच मी आहे, स्लो मोशनमध्ये. गाडी केव्हाच नानांच्या फाटकात शिरलीय, आणि मी गल्लीच्या मधोमध डोळे मिटून, दातओठ खात, जीव तोडून हवा ढकलतोय!